यंत्र नवे, आज्ञावली जुनी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. पहिला पुण्यात, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजेच जीएमआरटीच्या कामासाठी. दुसरा दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये. तिसरा कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्रात. राष्ट्रीय महासंगणन अभियानाची ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने वाचली असेल. अशा बातमीत वेगाचे आकडे असतात, खर्चाचे असतात आणि यंत्र कोणते प्रश्न सोडवणार तेही असते. त्या यंत्रावर जी आज्ञावली चालणार तिचे वय मात्र कुठेही छापले जात नाही.

ते वय अनेकदा चकित करणारे असते. जगातील महासंगणकांची क्रमवारी १९९३पासून ज्या कसोटीवर लावली जाते, ती ‘लिनपॅक’ कसोटी १९७९च्या सुमारास फोरट्रान भाषेत लिहिलेल्या एका समीकरण-संग्रहातून जन्मली. आज महाविद्यालयातला विद्यार्थी पायथनमध्ये एका ओळीत मॅट्रिक्सची उलट काढतो, तेव्हा त्या ओळीच्या तळाशी बहुधा ‘लॅपॅक’ हा संग्रह काम करत असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९२ची. म्हणजे यंत्र काल आले, भाषा परवाची आणि गणिताचा पाया आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातला. हे सगळे गुण्यागोविंदाने नांदते तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. नांदणे थांबले की काय होते, ते गुरुग्रामच्या आमच्या लहानशा संशोधनगटात मी जवळून पाहिले. आज त्याविषयी लिहितो आहे.

आधी मूळ प्रश्न. जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर का चालत नाही? कागदावर लिहिलेले सूत्र शंभर वर्षांनी तेच उत्तर देते. मग आज्ञावलीलाच वार्धक्य का यावे? खरे तर आज्ञावलीतला एकही अक्षरांक झिजत नाही. बदलतो तो तिच्या भोवतालचा संसार. प्रत्येक आज्ञावली तीन गोष्टी गृहीत धरून लिहिलेली असते. पहिली, प्रोसेसरला कोणत्या आज्ञा कळतात. दुसरी, ऑपरेटिंग सिस्टिमकडे फाइल, पडदा, घड्याळ यांची मागणी कोणत्या पद्धतीने करायची. तिसरी, इतरांनी लिहिलेले कोणते संग्रह शेजारी तयार मिळतील. या तिघांपैकी एकाने जरी घर बदलले, तरी आज्ञावली जुन्याच पत्त्यावर पत्रे टाकत राहते.

विंडोजचेच उदाहरण घ्या. डॉसच्या आणि विंडोज ३.१च्या काळातील सोळा बिटांचे कार्यक्रम बत्तीस बिटांच्या विंडोजवर एका अंतर्गत दुभाष्याच्या साह्याने चालत असत. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये हा दुभाषी ठेवलेलाच नाही. विंडोज ११ची बत्तीस बिटांची आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे तिथे तो दरवाजा पूर्णपणे बंद झाला. मॅकच्या बाजूला २०१९च्या ‘कॅटालिना’ आवृत्तीने बत्तीस बिटांच्या कार्यक्रमांना निरोप दिला. विंडोज १०ची नियमित देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरच्या वापरात याचा अर्थ फार तर एखादा जुना खेळ हरवणे एवढाच होतो. प्रयोगशाळेत मात्र तो अर्थ निराळा असतो.

आमच्या गटाकडे क्ष-किरण विवर्तनाचे एक यंत्र आहे. स्फटिकातील अणूंच्या जाळीचे अंतर मोजणे, हे त्याचे काम. यंत्र उत्तम स्थितीत आहे. क्ष-किरण नळी वेळोवेळी बदलली की ते आणखी दहा वर्षे सहज काम करील. पण त्याला हलवणारा, वळवणारा, मोजायला लावणारा कार्यक्रम विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबली. यंत्र आणि संगणक यांच्यामधले कार्ड जुन्या पद्धतीच्या खाचेत बसते. तशी खाच आजच्या घरगुती संगणकात सहसा नसते. एका पावसाळ्यात त्या संगणकाच्या मदरबोर्डने मान टाकली. उत्पादकाकडे विचारणा केली, तर या प्रारूपाची सेवा बंद झाली आहे, नवे यंत्र घ्या, असे उत्तर आले.

नवे यंत्र घेणे हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक शोधछात्रा विद्युतघटात वापरल्या जाणाऱ्या लिथियम-मँगनीज ऑक्साइडचे वार्धक्य अभ्यासत होती. तेच नमुने, तेच यंत्र, दर महिन्याला एक मोजणी, असे तिचे व्रत तीन वर्षांहून अधिक काळ चालले होते. त्या पदार्थाच्या जाळीची लांबी सुमारे ८.२४ अँगस्ट्रॉम असते आणि तिला शोधायचा होता तो बदल दशांशानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या स्थानी होता. मालिकेच्या मध्यावर यंत्र बदलणे म्हणजे धावपटूच्या शर्यतीत मध्येच घड्याळ बदलण्यासारखे. तिच्या प्रबंधाची मुदत जवळ आली होती आणि शिष्यवृत्तीचीही.

जुने सॉफ्टवेअर जगवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला, जुने यंत्रच सांभाळणे. दुसरा, जुन्या कार्यक्रमाची मागणी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या भाषेत उलगडून सांगणारा दुभाषी नेमणे. लिनक्सवर विंडोजचे कार्यक्रम चालवणारे ‘वाइन’ १९९३पासून हेच करत आले आहे. तिसरा, जुन्या संगणकाचे सोंग उभे करणे: ‘डॉसबॉक्स’ किंवा ‘क्यूएमू’सारखे कार्यक्रम नव्या यंत्राच्या पोटात एक काल्पनिक जुने यंत्र मांडतात. रंगमंचावर वाडा उभा करावा तसे. दार उघडते, दिवा लागतो, पात्राला तो वाडाच वाटतो. आणि चौथा मार्ग, मूळ आज्ञावली हाती असेल तर ती नव्याने संकलित करणे, वा नसेल तर पुन्हा लिहिणे.

आम्ही आधी तिसरा मार्ग धरला. सुदैवाने जुनी हार्ड डिस्क शाबूत होती. तिची जशीच्या तशी प्रत घेऊन ती नव्या संगणकावरील आभासी यंत्रात चढवली. एक्सपीचे ते हिरवे कुरण आणि निळे आकाश पडद्यावर उमटले, तेव्हा खोलीत टाळ्या वाजल्या. विश्लेषणाचे कार्यक्रम विनातक्रार चालू लागले. परंतु प्रत्यक्ष यंत्र फिरवणे जमेना. मोजणीच्या कोनावर हात फिरवताना कार्डाला ठरावीक क्षणी ठरावीक संकेत लागतो, आणि आभासी यंत्राचे घड्याळ यजमान संगणकाच्या सवडीने चालते. सोंग गणितापुरते पुरले. जिथे खरा दंड खऱ्या वेळी हलायला हवा होता, तिथे ते उघडे पडले.

मग नेहरू प्लेस. दिल्लीतील संगणकांच्या या बाजारात तळमजल्यावर नव्या लॅपटॉपची रोषणाई असते आणि जिने चढत गेले की संगणकांचा भूतकाळ भेटू लागतो. तिसऱ्या दुकानात एका वयस्क दुकानदाराने आमचे कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि एवढेच विचारले, “कारखाना की प्रयोगशाळा?” जुन्या खाचा असलेले औद्योगिक मदरबोर्ड आजही मिळतात, कारण देशभरातील कितीतरी कारखान्यांची यंत्रे आमच्यासारखीच अडकलेली आहेत. त्याचे निम्मे गिऱ्हाईक त्यांचेच. बोर्ड मिळाला, एक्सपी चढली, यंत्र फिरले. सुरक्षिततेसाठी तो संगणक जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवला. मे २०१७मधील ‘वॉनाक्राय’च्या हल्ल्याने दुरुस्ती न झालेल्या विंडोज संगणकांतून शिरून ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम कसे विस्कळीत केले होते, हे आम्ही विसरलो नव्हतो.

आणि पहिल्याच मोजणीत जाळीची लांबी ०.००४ अँगस्ट्रॉमने उडी मारून वर गेली.

तीन वर्षांच्या संथ रेषेत असा झटका आलाच नव्हता. शोधछात्रेच्या डोळ्यांत आनंद आणि भीती एकदमच दिसत होती. “सर, हा शोध आहे की बिघाड?” असे तिने विचारले. यंत्र बंद असलेल्या दोन महिन्यांत पदार्थाच्या रचनेत खरोखरच काही घडले असेल, तर तिच्या प्रबंधाचा तो मुकुटमणी ठरला असता. नसेल, तर चुकीचा निष्कर्ष छापून मोकळे होण्याची ती सर्वांत सोपी वाट होती.

आम्ही संशयितांना एकेक करून वेगळे काढायचे ठरवले. पहिला संशय विश्लेषणावर. ह्यूगो रीटफेल्ड यांनी १९६९ साली नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आम्ही वापरतो: संपूर्ण विवर्तन-आलेख गणिताने रचायचा आणि मोजलेल्या आलेखाशी तो जुळेपर्यंत जाळीची लांबी बदलत राहायची. ही पद्धत म्हणजे जवळजवळ एक आज्ञावलीच आहे. संगणकाशिवाय तिला हात लावणे व्यवहारात अशक्य. जुनी मोजणी, जुना कार्यक्रम आणि आभासी एक्सपी अशी जोडी लावली. वहीत नोंदलेले उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत आले. मग तीच जुनी मोजणी त्याच पद्धतीच्या, नव्याने संकलित केलेल्या चौसष्ट बिटांच्या कार्यक्रमाला दिली. आता फरक पडला, पण सहाव्या दशांश स्थानी.

हा लहान फरक समजून घेण्यासारखा आहे. बत्तीस बिटांच्या जुन्या कार्यक्रमांत अपूर्णांकांचे गणित इंटेलच्या प्रोसेसरमधील ऐंशी बिटांच्या रकान्यांत होत असे आणि शेवटी चौसष्ट बिटांत कापले जात असे. चौसष्ट बिटांचे नवे कार्यक्रम सहसा आरंभापासूनच चौसष्ट बिटांत गणित करतात. पूर्णांकन वेगळ्या क्षणी होते, पुनःपुन्हा सुधारत जाणारे गणित वेगळ्या पायरीवर थांबते आणि शेपटीचे अंक हलतात. यात कोणी खोटे नसते. मोजणीची अनिश्चितता चौथ्या स्थानी असताना सहाव्या स्थानावरचा हा फरक दोन प्रामाणिक कारकुनांच्या रुपये-पैशांच्या पूर्णांकनाएवढाच. म्हणजे विश्लेषण निर्दोष ठरले. उडी मोजणीतच होती.

दुसरा संशय यंत्रावर. सिलिकॉनची प्रमाणित भुकटी ठेवली. सिलिकॉनच्या जाळीची लांबी, ५.४३१ अँगस्ट्रॉम, जगभर ठाऊक आहे. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिले तर त्याचे पहिले शिखर २८.४४ अंशांवर दिसायला हवे. आमचे दिसले २८.४२वर. कोन कमी म्हणजे लांबी जास्त. सिलिकॉन काही आमच्या शोधछात्रेच्या नमुन्यासोबत म्हातारा झालेला नव्हता. ०.०२ अंशांच्या या सरकण्यात ०.००४ अँगस्ट्रॉमची सगळी उडी सामावत होती.

कारण सापडायला आणखी चार दिवस लागले. यंत्राच्या शून्यस्थानाची दुरुस्ती नियंत्रक कार्यक्रम एका फाइलमध्ये ठेवत असे, आणि ती फाइल मदरबोर्डच्या ओळखक्रमांकाशी बांधलेली होती. नवा बोर्ड दिसताच कार्यक्रमाने ती दुरुस्ती आपली मानलीच नाही आणि एकही इशारा न देता कारखान्यातील मूळ आकडे उचलले. कोणत्याही हस्तपुस्तिकेत हे लिहिलेले नव्हते. जुन्या डिस्कच्या प्रतीतून दुरुस्तीचा आकडा शोधून तो हाताने भरला. सिलिकॉन २८.४४वर परतले आणि शोधछात्रेचा बिंदू आपल्या संथ रेषेवर येऊन शांतपणे बसला. ती काही वेळ आलेखाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “बरे झाले, सर. उगाच उडी मारली असती.” त्या एका वाक्यात भौतिकशास्त्राचे जेवढे शिक्षण होते, तेवढे माझ्या कित्येक व्याख्यानांत नसावे.

मित्रहो, ही गोष्ट एका यंत्राची असली तरी प्रश्न देशभरच्या विज्ञानाचा आहे. जुनी मोजणी आणि ती वाचणारी आज्ञावली या दोहोंना वेगळे करता येत नाही, हे मराठी माणसाला तरी वेगळे सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचे ढीग सुस्थितीत आहेत. कागद टिकला, शाई टिकली. दुर्मीळ झाला तो मोडी वाचणारा. अगदी अलीकडची मोडीही आपल्या घरांत आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून असली, तरी मराठीतील कितीतरी पुस्तके, अंक आणि प्रबंध पुढे बरीच वर्षे अशा फाँटांत टंकित झाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले होते. तो फाँट हरवला की ‘ज्ञानेश्वर’ या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, तिचा वाचक हरवलेला असतो.

याच्या उलट, नीट सांभाळलेली जुनी आज्ञावली किती दूर नेते, याचे उदाहरणही पुण्याजवळच आहे. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात उभ्या असलेल्या जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी टिपलेले आकाश चित्ररूपात आणण्यासाठी कित्येक वर्षे ‘एआयपीएस’ हे पॅकेज वापरले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेत त्याचा आरंभ १९७८च्या सुमारास झाला. भाषा मुख्यतः फोरट्रान. पुण्यात शिकत असताना खगोलशास्त्राच्या मित्रांच्या पडद्यावर त्याचा तो रुक्ष आज्ञासंवाद पाहून आम्ही त्यांची थट्टा करत असू. पुढे याच एआयपीएसवर पायथन २मध्ये लिहिलेला ‘स्पॅम’ नावाचा साज चढवून जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाचे नव्याने विश्लेषण झाले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ३६,९०० चौरस अंश आकाशातील सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी आहे. आता गंमत पाहा. पायथन २ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. म्हणजे सत्तरच्या दशकातील पाया टिकून राहिला आणि त्यावर बांधलेला तरुण मजला आधी अनाथ झाला. आयुष्य वयावर ठरले नाही. कोणी सांभाळले आणि भाषेने मागच्यांना दिलेला शब्द पाळला की नाही, यावर ठरले.

माहितीच्या स्वरूपाबाबतही खगोलशास्त्रज्ञांनी असाच शब्द पाळला आहे. ‘फिट्स’ या त्यांच्या फाइल-प्रकाराचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. पुढील कोणत्याही बदलाने जुनी फिट्स फाइल अवैध ठरू नये, हा त्याचा पायाभूत नियम. या टिकाऊपणामुळेच व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमांसाठी हाच प्रकार निवडला.

२९ जून २०२३ची बातमी आपल्याला आठवत असेल. अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केला. त्यात युरोपीय गटासोबत भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे आणि जीएमआरटी होते. पल्सारच्या ठोक्यांतील हे सूक्ष्म मागेपुढे होणे दिसायला सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी लागल्या. या नोंदी उलगडणारी ‘टेम्पो’ ही फोरट्रानमधील आज्ञावली, तिच्यानंतरची ‘टेम्पो २’ आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे पायथनमध्ये लिहिलेली ‘पिंट’ यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहता येतात. जुन्या आज्ञावलीचे तिथले काम नव्या आज्ञावलीविरुद्ध साक्ष देण्याचे आहे, जसे आमच्या आभासी एक्सपीने दिली.

तरीही प्रत्येक जुनी गोष्ट चालवत ठेवावी, असे माझे म्हणणे नाही. जुन्या संगणकांना वीज लागते, त्यांची दारे असुरक्षित असतात आणि त्यांची भाषा जाणणारे निवृत्त होतात. जे टाकायचे ते टाकावेच. पण टाकण्यापूर्वी त्यातून आलेले निष्कर्ष दुसऱ्या मार्गाने पुन्हा मिळतात का, हे पाहावे. फ्रान्समधील निकोला रुझिए आणि कोनराड हिन्सेन यांनी २०१९–२०मध्ये शास्त्रज्ञांना आव्हान दिले होते: दहा वर्षांहून जुन्या शोधनिबंधाची आपलीच आज्ञावली आज चालवून दाखवा. रुझिए यांनी स्वतः सोळाव्या वर्षी लिहिलेला अ‍ॅपल २चा एक कार्यक्रम बत्तीस वर्षांनी चालवला. विद्यार्थ्यांनी हे आव्हान आपल्या गेल्या वर्षीच्या प्रकल्पावर लावून पाहावे; पुष्कळांना दहा वर्षांपर्यंत जाण्याची गरज पडणार नाही.

जमेल तेवढे आजपासून करता येईल. मूळ मोजणी उत्पादकाच्या गूढ फाइलीतून काढून साध्या मजकुरातही ठेवा. कोणत्या संग्रहाची कोणती आवृत्ती वापरली, ते वहीत लिहा. यंत्राच्या दुरुस्तीचे आकडे संगणकाबाहेर, कागदावर असू द्या. आणि ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, अशी एक सिलिकॉनची पुडी प्रत्येक प्रयोगात, प्रत्येक आज्ञावलीत असू द्या. आमच्या शोधछात्रेने प्रबंधाच्या परिशिष्टात हे सारे आकडे छापले आहेत. एका परीक्षकांनी मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न त्याच पानावर विचारले.

पुढची परीक्षा तारखेसह जाहीर झालेली आहे. पुष्कळ जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजतात. त्यांत २,१४,७४,८३,६४७पर्यंतच आकडा मावतो. तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल आणि पुढच्याच सेकंदाला अशा घड्याळात १९०१ साल उगवेल. हे वाचणाऱ्यांपैकी जे आज पदवीच्या वर्गात आहेत, ते तेव्हा साधारण माझ्या आजच्या वयाचे असतील. कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या खिशात असतील. कोपऱ्यातला तो जुना संगणक कशासाठी ठेवला आहे, हे कोणाला तरी ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहिले.